भांडण एक, कायदे तीन

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण तुमच्या-आमच्या घरात कितीदा तरी बोलली जाते. बांधाच्या भांडणापायी दोन-दोन पिढ्या तारखा करीत बसलेली घरे आपण डोळ्यांनी पाहिली आहेत, तेव्हा म्हण खोटी असे कोण म्हणेल? पण वाचकहो, या म्हणीचा आपण एक भलताच अर्थ करून घेतला आहे. पायरी चढू नये, म्हणजे आत काय आहे ते जाणूनही घेऊ नये, असे आपण धरून चाललो. मग होते काय, की उसने पैसे बुडाले की माणूस पोलीस ठाण्याकडे धावतो आणि तिथून रिकाम्या हाताने परत येतो; आणि खरोखरच कोणी ठकवून गेला, तर 'नशिबात नव्हते' म्हणून घरी बसतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना व्यापारी कायदा शिकवला. माझे सासर शेतकऱ्याचे. त्यामुळे सकाळी वर्गात पुस्तकातला करार शिकवायचा आणि संध्याकाळी ओसरीवर खरा करार मोडलेला ऐकायचा, असा माझा दिनक्रम. मुले परीक्षेपुरते पाठ करीत. पण त्या पुस्तकाची खरी गरज दुकानदारापेक्षा त्यांच्या आईवडिलांना आहे, हे मला दरवर्षी अधिकच पटत गेले. म्हणून त्या पुस्तकातले मोजके सार आज तुमच्यापुढे मांडते.

सगळे एका सोयाबीनच्या पोत्यावरून समजते. समजा, तुम्ही वीस क्विंटल सोयाबीन एका व्यापाऱ्याला घरूनच दिले. भाव ठरला, माप झाले, आठ दिवसांनी पैसे द्यायचे ठरले. व्यापारी ओळखीचा, त्याचे दुकान जागेवर. पण मध्येच भाव कोसळले, त्याला खोट आली आणि तो आज-उद्या करू लागला. हा झाला करारभंग. दुसरा प्रकार असा, की त्याने नावच खोटे सांगितले, बंद पडलेल्या खात्याचा चेक हातावर ठेवला आणि चार गावांतून असाच माल उचलून तो परागंदा झाला. हा गुन्हा. तिसरा प्रकार आणखी वेगळा. व्यवहार चोख झाला, पैसे मिळाले. पण माल न्यायला आलेल्या ट्रकवाल्याने हयगयीने गाडी मागे घेतली आणि तुमच्या शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत पाडली. शेजाऱ्याचा त्या ट्रकवाल्याशी कसलाही करार नव्हता, आणि ट्रकवाल्याच्या मनात भिंत पाडायचे नव्हते. तरीही नुकसान झाले ते भरून द्यायला हवे. कायद्याच्या भाषेत याला अपकृत्य म्हणतात.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात तुम्ही स्वतः दिवाणी दावा लावायचा आणि पैसे मागायचे. दुसऱ्या प्रकारात खटला सरकार चालवते, तुम्ही फिर्यादी आणि साक्षीदार असता, आणि आरोपीला शिक्षा होते. हा भेद ध्यानात आला, की आपले गाऱ्हाणे कोणत्या दारात न्यायचे ते समजते.

आधी कराराकडे पाहू. आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा. पण आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून कितीतरी घरांतल्या जुन्या ट्रंकांत अजून उर्दू कागद निघतात. हा १८७२ चा कायदा आपल्या भागाला लागू झाला तो १९५१ साली. त्याचा गाभा चार गोष्टींत सांगता येतो. दोन्ही पक्षांची मनापासून संमती हवी. ती धाक दाखवून किंवा फसवून घेतलेली नसावी. दोघेही सज्ञान आणि शहाणे हवेत. देण्याच्या बदल्यात काही घेणे हवे. आणि ज्यासाठी करार केला ते काम कायदेशीर हवे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाची सही घेतली तर तो करार मुळातच रद्द, हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका खटल्यात १९०३ सालीच ठरवून दिले आहे.

तोंडी करार चालतो का, असे मला नेहमी विचारतात. चालतो. भूम-कुंथलगिरीकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. तिथल्या एखाद्या बाईने रोज पाच किलो खवा हॉटेलवाल्याला उधारीवर घातला, तर कागद नसला तरी तो करारच. अडचण येते ती पुराव्याची. म्हणून रोजचे माप वहीत लिहावे आणि आठवड्याला समोरच्याची सही घ्यावी. मोबाईलवर आलेला 'पुढच्या सोमवारी देतो' एवढा निरोपसुद्धा पुसू नये. तोही पुरावा ठरू शकतो. जमिनीची खरेदी मात्र तोंडी होत नाही. तिला नोंदणी लागते. नुसत्या इसारपावतीने जमीन तुमची होत नाही. ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागण्याचा हक्क तेवढा मिळतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. हातउसने किंवा मालाचे पैसे वसूल करायला दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. नात्यातला माणूस आहे, मागायचे कसे, या भिडेपोटी तीन वर्षे उलटून जातात आणि मग वकीलही हात वर करतो. भांडण करू नका, पण मुदत संपायच्या आत 'अमुक रक्कम देणे आहे' एवढी सही-तारखेसह लेखी कबुली घ्या. त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते.

विम्याचा कागद हाही करारच आहे, हे आपल्या जिल्ह्याने फार महागात शिकले. २०२० च्या खरिपात सोयाबीन काढणीला आले आणि ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली. शेतकऱ्यांनी विम्याचा हप्ता भरला होता. पण नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत कळवले नाही, या अटीवर बोट ठेवून विमा कंपनीने भरपाई नाकारली. ज्याच्या शेतात गुडघाभर पाणी आणि गावात वीज नाही, त्याने ७२ तासांत कळवायचे कसे? नुकसानीचे सरकारी पंचनामे झालेले असताना पुन्हा ही अट कशाला? शेतकरी हे म्हणणे घेऊन उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले, आणि मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई द्यावी असा निकाल झाला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिथे तिला २०० कोटी रुपये भरण्यास सांगण्यात आले. वाचकहो, यातून दोन धडे घ्यायचे. छापील अट वाचल्याशिवाय हप्ता भरू नये, हा पहिला. आणि अट छापली म्हणून ती कशीही लादता येते असे नाही, हा दुसरा.

बियाण्याचेही तसेच. पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि पावती पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावी. बियाणे सदोष निघाले तर शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक न्यायालयात जाता येते, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. ही तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते.

आता जामीनकीबद्दल, कारण इथे घरे उद्ध्वस्त होतात. आमच्या भावकीतल्या एका जाऊबाईंच्या यजमानांनी एका मित्राच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला सही दिली होती. 'नुसती सही तर हवी' असे म्हणून मित्र सही घेऊन गेला. घरात कोणाला पत्ता नाही. पुढे यजमान वारले, मित्राचे हप्ते थकले, आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत पतसंस्थेची नोटीस आली. बाई गळ्यातले मोडायला निघाल्या होत्या. तेव्हा मी त्यांना पुस्तकातले दोन नियम सांगितले.

पहिला नियम कडू आहे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. दुसरा नियम थोडा दिलासा देणारा. मेलेल्या माणसाचे देणे वारसांवर येते ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. बाईचे माहेरचे सोने, तिची स्वतःची कमाई यांना त्यात हात लावता येत नाही. शिवाय दिवाणी हुकूमनाम्याच्या जप्तीतून शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्याला लागणारी जनावरे आणि बी-बियाणे वगळलेली आहेत. तो राहतो ते घरही वगळलेले आहे. मात्र तेच घर तारण दिले असेल तर ही सवलत मिळत नाही. जाऊबाईंनी सोने मोडले नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून वकील मिळाला, नोटिशीला उत्तर गेले, आणि प्रकरण लोकअदालतीत मिटले. व्याज कमी झाले आणि मोठा वाटा त्या मित्राने हप्त्यांनी भरायचे कबूल केले. जामीनदाराने भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कायद्याने त्याला दिलेला आहे, त्याचा इथे उपयोग झाला. पण दोन वर्षे त्या घरात धड झोप नव्हती.

आता गुन्ह्याकडे वळू. आपल्या खेड्यात 'चारशेवीस' हा शब्द शिवीसारखा वापरतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि फसवणुकीचे ते कलम आता ३१८ झाले आहे. आकडा बदलला, पण तत्त्व तेच राहिले. फसवायचा इरादा व्यवहाराच्या सुरुवातीपासून असेल तरच ती फसवणूक. आधी देण्याचे मनात होते, पुढे अडचण आली म्हणून दिले नाही, तर तो गुन्हा होत नाही, तो करारभंग. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

हे तत्त्व शिकवीत असताना एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती, अर्धा हंगाम कोयता चालवला आणि ते पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. मुकादमाने घरासमोरची मोटारसायकल ओढून नेली आणि वर 'चारशेवीस टाकतो' असा दम दिला. "बाई, माझा बाप गुन्हेगार आहे का?" मुलाने विचारले. वर्ग चिडीचूप झाला. त्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी तोच प्रश्न होता.

मी फळ्यावर तीन रकाने केले. उचल घेतली आणि ती पूर्ण फिटली नाही, हा करार. फिटली नाही तेवढीच रक्कम देणे लागते. सुरुवातीला फसवायचा इरादा नव्हता, अर्धा हंगाम काम केलेच आहे. तेव्हा फसवणूक नाही. मोटारसायकल जबरीने नेली, हे मात्र तपासण्याजोगे आहे, कारण पैसे येणे असले तरी दुसऱ्याची वस्तू स्वतःच ओढून नेण्याचा अधिकार कोणालाही नाही. तो गुन्हा ठरू शकतो. आणि पैसे फिटेपर्यंत माणसाला डांबून ठेवणे, त्याच्या पोराबाळांना कामाला जुंपणे हा तर उघड गुन्हा. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे आणि वेठबिगारीचे कर्जही बुडीत ठरले आहे. माणूस गहाण ठेवणारा करार कितीही मोठ्या स्टॅम्पवर लिहिला तरी तो करारच नव्हे.

त्या मुलाने घरी जाऊन वही केली. किती दिवस काम झाले, किती टन ऊस तोडला, किती रक्कम वळती झाली, सगळे आईला विचारून लिहिले. बापलेक दोघे ती वही घेऊन मुकादमाकडे गेले. मुकादम काही राक्षस नव्हता. त्यालाही वाहतूक ठेकेदाराची उचल फेडायची होती. बाकी रक्कम ठरली, कागद झाला, गाडी परत आली. पोलीस नाही, कोर्ट नाही. पण ती बैठक होऊ शकली ती दमाची भीती गेली म्हणून.

खरोखर गुन्हा घडला असेल तर मात्र बैठकीत वेळ घालवू नका. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्यात घेतली नाही तर लेखी तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. चेक न वटता परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी. आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. लेकीबाळींवरचा अत्याचार, जीवघेणा हल्ला असे गंभीर गुन्हे गावच्या बैठकीत पैसे देऊन मिटवता येत नाहीत. तसा कागद केला तर त्याला कायद्यात काडीची किंमत नाही.

राहता राहिला तिसरा प्रकार, अपकृत्याचा. त्याचे एकच एक असे कायद्याचे पुस्तक नाही. तो कोर्टाच्या निकालांतून वाढत आला. इंग्लंडात लँकेशायर भागात एका गिरणीवाल्याने तळे बांधले. खाली जुन्या खाणीची बुजलेली भुयारे होती. तळे भरताच पाणी त्यांतून उतरले आणि शेजाऱ्याची कोळशाची खाण बुडाली. १८६८ साली तिथल्या वरिष्ठ न्यायपीठाने निर्णय दिला, की बाहेर पडल्यास घात करील अशी वस्तू जो आपल्या जागेत आणून साठवतो, त्याची तिच्यावर जबाबदारी राहते. आपल्याकडे गावोगावी शेततळी झाली आहेत. बांध कच्चा ठेवला आणि तो फुटून खालच्या शेतकऱ्याची ज्वारी वाहून गेली, तर 'देवाची करणी' म्हणून सुटता येईलच असे नाही. तणनाशकाचेही तसेच. टू-फोर-डी वाऱ्याच्या दिवशी फवारले आणि ते शेजारच्या द्राक्षबागेवर गेले, तर शेंडे वाकडे होतात आणि वर्षाचे पीक जाते. मनात वाईट नव्हते हे खरे. पण हयगय झाली की भरपाई लागू होते.

उस्मानाबादी शेळी जातिवंत खरी, पण तिला बांध समजत नाही. ती शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरली तर मालकाने नुकसान भरून द्यावे. पण शेजाऱ्याने रागाने कुऱ्हाडीच्या दांड्याने तिचा पाय मोडला, तर आता गुन्हा त्याच्याकडून घडला. भरपाई मागणारा माणूस क्षणात आरोपी होतो, तो असा.

विजेच्या तारेचे दुःख तर आपल्या ओळखीचेच. मध्य प्रदेशात पावसाळ्यातल्या एका रात्री सायकलवरून घरी निघालेला माणूस रस्त्यावर पडलेल्या तारेला लागून मेला. वीज मंडळ म्हणाले, दुसऱ्याच कोणी चोरून वीज घेतली, तिची ती तार, आमचा काय दोष? सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ते ऐकले नाही. धोक्याची वस्तू जो चालवतो, त्याने तिची जबाबदारीही घ्यायची, असा निकाल झाला आणि घरच्यांना भरपाई मिळाली. म्हणून तारेने बैल मेला किंवा ऊस जळाला, तर फोटो घ्या, तलाठ्याकडून आणि पोलिसांकडून पंचनामा करून घ्या, जनावराचे शवविच्छेदन करून घ्या आणि विद्युत निरीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. जनावर पुरून टाकल्यावर पुरावा राहत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही शंका मनात आली असेल. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, आपत्तीत सापडलेल्यांना आणि गरिबांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा. लोकअदालतीत मिटलेल्या दाव्यावर अपील नसते, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

शेवटी एक विनंती आहे, ती बंधूंना. आपल्या भागात कागदावर अंगठा किंवा सही बहुधा पुरुष करतो. आणि तो गेल्यावर, किंवा ऊसतोडीला लांब असताना, त्या कागदाला तोंड द्यावे लागते घरच्या बाईला. तेव्हा कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही करू नका. लिहिलेला कागदही आधी घरी आणा, शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि घरधनिणीला ऐकू द्या. एक रात्र थांबल्याने बुडेल असा खरा व्यवहार मी तरी पाहिला नाही. आणि सही केलीच, तर कागदाची एक प्रत घरात अशा जागी ठेवा, की तुम्ही नसतानाही ती तिला सापडेल.